जुन्या पोलादी रेसर सायकलला आठ गिअरचा नवा संच कसा बसवायचा

नवे गिअर मागवण्याआधी फ्रेम मोजा. जुन्या रेसरचं काम बिघडतं ते इथेच. आधी संच मागवला जातो, खोका घरी येतो, आणि मग कळतं की मागचं चाक खाचेत शिरत नाही, बीबीचे (पेडलच्या मधल्या बॅरिंगचे) आटे वेगळे आहेत, ब्रेकचं रबर रिमपर्यंत पोचत नाही. फ्रेम आपलं माप बदलणार नाही. पार्ट तिच्या मापाने घ्यायचे असतात. जिथे फ्रेमलाच हात लावायचा आहे तिथे किती मिलीमीटर आणि कसा, हे आधी ठरलेलं हवं.

हे सगळं पोलादी नळ्यांच्या, सांध्यांवर लग (नळ्या जोडणारी बाही) असलेल्या, ५ किंवा ६ गिअरच्या आणि खालच्या तिरक्या नळीवर गिअरचे दांडे असलेल्या रेसरबद्दल आहे. रॉडब्रेकच्या साध्या सायकलला हा संच बसवायला जाऊ नका. तिची २८ × १½ ची रिम ६३५ मिलीमीटर व्यासाची असते, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) टांगायला कान नसतो आणि कॅलिपर ब्रेकला भोकही नसतं. तिच्यावर खर्च करायचा तर बॅरिंग, रंग आणि चांगल्या टायरवर करावा.

आठच गिअर का

दुकानदार दहा-अकरा गिअरचा संच सुचवेल. जुन्या फ्रेमसाठी आमचं मत आठचंच आहे, आणि त्याला कारण आहे. आठच्या कॅसेटमध्ये (मागच्या चकत्यांच्या संचात) एका चकतीपासून दुसरीपर्यंत ४.८ मिलीमीटर अंतर असतं, दहाच्या कॅसेटमध्ये ३.९५, अकरामध्ये साधारण ३.७. अंतर जितकं कमी, तितकी फ्रेमच्या वाकडेपणाची माफी कमी. चाळीस वर्षांत एकदा तरी उजवीकडे पडलेल्या सायकलचा कान थोडा वाकलेला असतोच. आठ गिअर ते सोसतात, अकरा गिअर प्रत्येक बदलाला कुरकुरतात.

दुसरं कारण आपल्या मातीचं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची तांबडी माती चेनमध्ये गेली की पॉलिश पेपरसारखी घासते. निपाणी-चिकोडीकडची काळी माती पावसात चाकाला लपेटते आणि ब्रेकखाली साठते. आठची चेन बाहेरून ७.१ मिलीमीटर रुंद असते, दहाची सहाच्या आसपास. जाड चेन, जाड चकती, स्वस्त आणि सहज मिळणारा माल: आपल्या रस्त्यांना हेच मानवतं.

शिवाय शिमानोच्या रोड संचात ८, ९ आणि १० गिअरचे मागचे डिरेलर एकाच प्रमाणात केबल ओढतात (टिआग्रा ४७०० सारख्या काही मालिका सोडून). उद्या नऊवर जायचं झालं तर दांडे, कॅसेट आणि चेन एवढंच बदलावं लागेल.

घाटाचा हिशोब

बेळगाव घाटमाथ्यावर आहे. गोव्याला किंवा कोकणात जाताना चोर्ला, तिलारी, आंबोली हे घाट आपण आधी उतरतो, आणि परत येताना, पाय दमलेले असताना, चढतो. म्हणून ब्रेक आधी, हलका गिअर त्याच्या खालोखाल.

जुन्या रेसरला पुढे ५२/४२ आणि मागे १४ ते २४ दाते हा सर्रास मिळणारा जोड. त्यातला सर्वांत हलका गिअर ४२/२४. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.७५ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे म्हटले तर ताशी साडेतेरा किलोमीटर. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढावर हा वेग कुणाला झेपतो? वेग झेपला नाही की फेरे चाळीसवर येतात आणि गुडघे बोलायला लागतात. पुढे ५०/३४ आणि मागे ११ ते ३२ घेतलं तर सर्वांत हलका गिअर ३४/३२ होतो. एका फेऱ्यात २.२ मीटर, तितक्याच फेऱ्यांत ताशी ८ किलोमीटर. बसून चढता येतं.

डिरेलर घेताना त्याची क्षमता बघा. पुढचा फरक ५० वजा ३४ म्हणजे १६, मागचा ३२ वजा ११ म्हणजे २१, बेरीज ३७. डिरेलरच्या कागदावर एकूण क्षमता ३७ किंवा जास्त आणि सर्वांत मोठी चकती ३२ किंवा जास्त लिहिलेली हवी. याचा अर्थ लांब पिंजऱ्याचा (चेन ताणणाऱ्या दोन छोट्या चाकांची चौकट लांब असलेला) डिरेलर. शिमानोच्या क्लॅरिस मालिकेतला लांब पिंजऱ्याचा नमुना ३४ दात्यांपर्यंत चालतो. आखूड पिंजऱ्याचा चुकून आला तर पुढची-मागची लहान जोडी लागल्यावर चेन लोंबेल, आणि ती आखूड केली तर मोठी-मोठी जोडी लागल्यावर ताणून डिरेलरच तुटू शकतो.

काय काय मोजायचं

व्हर्निअर, स्टीलची पट्टी आणि गवंडी वापरतात ती नायलॉनची लाइनदोरी एवढं जवळ ठेवा.

मागची खाच: चाक काढून दोन्ही ड्रॉपआउटच्या (एक्सल बसतो त्या खाचेच्या पट्ट्यांच्या) आतल्या बाजूंमधलं अंतर. पाच गिअरच्या जुन्या फ्रेमला १२०, सहा-सातच्या फ्रेमला १२६, आणि आठ ते अकरा गिअरच्या रिमब्रेक रोड चाकाला १३०. हे माप सगळ्या कामाचा पाया आहे, तीनदा घ्या. पुढचं साधारण १०० असतं.

बीबीची नळी: रुंदी ६८ आणि आटे १.३७ इंच × २४ म्हणजे इंग्लिश. या मापाचे पार्ट सगळीकडे मिळतात. रुंदी ७० असेल तर बहुधा इटालियन (३६ मिलीमीटर × २४). फ्रेंच असेल तर रुंदी ६८च, पण आटे ३५ × १. जुन्या रॅलेच्या काही फ्रेमना ७१ किंवा ७६ रुंदी आणि इंचाला २६ आटे असतात. त्यात आजचं इंग्लिश बीबी दोन फेरे जातं आणि अडकतं. पुढे जोर लावला तर नळीचे आटे जातात, आणि ते परत येत नाहीत. अशा फ्रेमला जुनेच कप ठेवा, फक्त एक्सल आणि छर्रे नवे टाका. चौकोनी टोकाचा योग्य लांबीचा एक्सल मिळाला तर नवा क्रँक (पेडलचा हात) जुन्या कपांवरही बसतो.

सीट ट्यूबचा बाहेरचा व्यास बहुतेक २८.६ असतो, फ्रेंचचा २८. पुढच्या डिरेलरचा पट्टा त्या मापाचा घ्या. रंगाचे थर मोजमापात येतात, म्हणून एखाद्या उघड्या जागी मोजा.

ब्रेकची पोच: ब्रेकच्या भोकाच्या (पुढे चिमट्याच्या, म्हणजे फोर्कच्या, वरच्या; मागे पुलावरच्या) मध्यापासून रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्टीच्या मध्यापर्यंत, पुढे आणि मागे वेगवेगळं मोजायचं. जुनं चाक २७ इंची असेल तर त्याची रिम ६३० आणि नवी ७०० सी ६२२, म्हणजे रबर आणखी ४ मिलीमीटर खाली यायला हवं. हे ४ जमेस धरूनच आकडा लिहा.

मागची खाच १२६ वरून १३० करणं

फक्त पोलादी फ्रेमला हे करता येतं. अॅल्युमिनियमची फ्रेम तडकते. पोलादातही रेनॉल्ड्स ५३१ किंवा साध्या नळ्या चालतात, पण स्टिकरवर ७५३ असेल तर हात लावू नका. ती नळी उष्णतेने कडक केलेली आणि फार पातळ असते.

बरेच जण १३० चं चाक १२६ च्या खाचेत हाताने ताणून घुसवतात. चाक जातं, पण ड्रॉपआउट एकमेकांना समांतर राहत नाहीत, एक्सलवर तिरका ताण बसतो आणि काही महिन्यांत तो वाकतो किंवा आट्यापाशी तुटतो. म्हणून फ्रेम कायमची बसवून घ्यायची.

आधी दोरीची परीक्षा. लाइनदोरीचं एक टोक डाव्या ड्रॉपआउटला बांधा, दोरी हँडलच्या नळीला वळसा घालून उजव्या ड्रॉपआउटला आणा आणि ताणून बांधा. आता सीट ट्यूबपाशी दोरी आणि नळी यांच्यातलं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. दोन्ही सारखी असतील तर प्रत्येक बाजू २ मिलीमीटर उघडायची. डावीकडे अंतर १ ने कमी असेल तर डावी बाजू जरा जास्त, उजवी कमी.

अवजार म्हणजे बाभळीचा किंवा सागाचा २ × ३ इंची, चार फुटी वासा. चिंध्या गुंडाळलेलं त्याचं एक टोक सीट ट्यूबला त्याच बाजूने टेकवा, ज्या बाजूची दांडी (मागच्या चाकाकडे जाणारी बारीक नळी) उघडायची आहे. वासा मागे नेऊन त्या बाजूच्या ड्रॉपआउटच्या आतून बाहेर काढा. दुसऱ्याने फ्रेम घट्ट धरायची आणि तुम्ही मोकळं टोक बाहेरच्या दिशेला सावकाश ओढायचं. जोर ड्रॉपआउटपाशी लागला पाहिजे. चकतीला किंवा टायरला जागा द्यायला जिथे दांडी आत दाबलेली असते तिथे अजिबात नको. नळी तिथेच पिचते.

पोलाद परत मागे येतं. २ मिलीमीटर हवेत म्हणून २ मिलीमीटर ओढलं तर काहीच होत नाही. पहिल्या ओढीला १० मिलीमीटर न्या, सोडा, मोजा. मग १२, मग १४. एका क्षणी सोडल्यावर अर्धा मिलीमीटर फरक राहतो, तिथून पुढे प्रत्येक ओढ फक्त थोडी वाढवायची. घाईत एकदाच जोर लावणाऱ्यांचं १२६ चं थेट १३६ होतं. एक बाजू संपली की दोरी परत लावा, मग दुसरी बाजू. शेवटी दोन्ही अंतरांत १ मिलीमीटरपर्यंत फरक चालतो. पाच गिअरच्या १२० वाल्या फ्रेमला १० मिलीमीटर उघडायचे असतात. तेही होतं, पण दोन दांड्यांमधल्या पुलांचे पितळी सांधे आधी भिंगाने तपासा. रंगात केसासारखी रेघ दिसली तर थांबा.

मधला आटेदार रॉड आणि चार नट वापरून फ्रेम ताणायची पद्धत सोपी वाटते, पण त्यात आधी उजवी-डावीपैकी जी दांडी मऊ ती जास्त जाते, आणि ती जास्त गेली हे दोरी लावेपर्यंत कळत नाही.

उघडून झाल्यावर ड्रॉपआउट समांतर करायचे. यासाठी उद्यमबागेत कुठल्याही लेथवर अर्ध्या तासात होणारं अवजार पुरतं: १० मिलीमीटर जाडीचे, १२ सेंटीमीटर लांबीचे दोन बोल्ट, चार नट आणि दोन्ही तोंडं लेथवर सपाट घेतलेले चार जाड वॉशर. बोल्टची टोकंही काटकोनात सपाट करून घ्या. प्रत्येक ड्रॉपआउटमध्ये एक बोल्ट आतल्या बाजूला तोंड करून घट्ट आवळा. दोन्ही टोकं मधोमध समोरासमोर आली आणि त्यांच्यामधली फट चहूबाजूंनी सारखी असली की काम झालं. नाही आली तर त्याच बोल्टला मोठा पान्हा लावून ड्रॉपआउट हळू वळवा. मिस्त्रींना "सायकलचा बोल्ट" एवढंच सांगू नका. कशासाठी हवा ते सांगा आणि वॉशरची तोंडं समांतर हवीत हे बजावा. समांतर नसतील तर हे अवजारच खोटं माप देईल.

उघडायचंच नसेल तर उलटा मार्ग आहे: १३० च्या हबच्या डाव्या बाजूचा ४ मिलीमीटरचा बुश काढा, एक्सल तेवढा आखूड करा आणि रिम पुन्हा मध्यावर आणा. चालतं, पण उजव्या बाजूच्या तारा आणखी उभ्या आणि जास्त ताणाच्या होतात. जड माणसाने हा मार्ग घेऊ नये.

डिरेलरचा कान

ड्रॉपआउटला खाली कान आणि त्यात आट्यांचं भोक असेल तर ते १० मिलीमीटर × १ पिचचं (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) आहे का बघा. सिम्प्लेक्सच्या जुन्या कानाला आटेच नसतात, भोक मोठं करून टॅप मारावा लागतो. इथे एक नेमकी अडचण येते: हार्डवेअरच्या दुकानात १० चा टॅप मागितला तर दीड पिचचा किंवा सव्वा पिचचा मिळतो. "दहा बाय एक" असं स्पष्ट सांगा. चुकीच्या टॅपने कान वाया जातो. कानच नसेल तर एक्सलखाली अडकवायचा सुटा हँगर मिळतो. तो बसवल्यावर चाक काढताना तो हलतो, एवढाच त्रास.

कान सरळ आहे का हे पाहायची स्वस्त आणि अचूक युक्ती: शिमानो हबच्या मागच्या एक्सलला १० × १ चेच आटे असतात. असं दुसरं एक चाक घ्या, त्याचा एक्सल थेट कानात फिरवून बसवा. आता फ्रेममधलं चाक आणि कानातलं चाक शेजारी शेजारी उभं दिसेल. दोन्ही रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजा. चारही ठिकाणी ३-४ मिलीमीटरच्या आत सारखं असेल तर कान सरळ. नसेल तर कानातल्या चाकालाच धरून हळू वळवा. सावध राहा: देशी हबचा एक्सल ३/८ इंच × २६ चा असतो. तो ९.५ मिलीमीटरचा, म्हणजे कानात ढिला जातो, डुगडुगतो आणि आटे खराब करतो.

बीबी आणि क्रँक

कॉटरपिनचा जुना क्रँक असेल तर पिन हातोड्याने ठोकून काढू नका. ठोक्याने छर्रे कपात रुततात आणि कप कायमचा खड्डेदार होतो. नट ढिला करून पिनच्या टोकाशी समपातळीत ठेवा, दोन दिवस रॉकेल सोडा आणि बेंच व्हाइसमध्ये दाबून काढा. मोठ्या बाजूला पिनच्या डोक्यापेक्षा रुंद असा पाइपचा तुकडा ठेवायचा, दुसऱ्या बाजूला व्हाइसचा सपाट जबडा.

इंग्लिश बीबीत उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे विसरल्यानेच बहुतेक उजवे कप अडकतात. घट्ट बसलेला कप काढायला १६ चा बोल्ट घ्या, डोकं आत, मोठा वॉशर लावून नट बाहेर. आतलं डोकं धरून नट करकचून आवळा आणि मग लांब पान्ह्याने त्याच दिशेने फिरवत राहा. नट कपाला चिकटतो आणि कप त्याच्याबरोबर सुटतो. इटालियन आणि फ्रेंच फ्रेमला ही युक्ती उलटी पडते, कप आणखी आवळला जातो.

आटे गंजलेले असतील तर खास टॅप शोधत फिरायची गरज नाही. जुन्या पोलादी कपाला हॅकसॉने लांबीच्या दिशेला चार खाचा पाडा, तेल लावून आत-बाहेर फिरवा. कचरा खाचांत येतो, आटे साफ होतात. उजव्याला उजवा कप, डाव्याला डावा.

नवं बंद बॅरिंगचं चौकोनी बीबी बसवा: ६८ रुंदी, आणि एक्सलची लांबी क्रँकच्या कागदावर असेल ती. रोडच्या दोन चकत्यांच्या क्रँकला ती बहुधा ११० ते ११८ असते. बसल्यावर सीट ट्यूबच्या मध्यापासून दोन चकत्यांच्या मधल्या जागेपर्यंत ४३.५ मिलीमीटर यायला हवं. लहान चकती आणि खालच्या दांडीत कमीत कमी २ मिलीमीटर जागा असायला हवी. जोर लावल्यावर फ्रेम थोडी डुलते आणि चकती रंग खाते. कप ५० ते ७० न्यूटन-मीटर, क्रँकचा बोल्ट ३५ ते ५०. टॉर्क पान्हा नसेल तर हा अंदाज ठेवा: २० सेंटीमीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला २० किलोचा जोर म्हणजे ४० न्यूटन-मीटर. एक्सलच्या चौकोनी टोकाला ग्रीसचा पुसट हात पुरे, आट्यांना मात्र भरपूर.

चाक आणि कॅसेट

जुन्या हबवर फ्रीव्हील (चकत्यांचा एकसंध संच) आट्याने चढवलेलं असतं आणि उजवं बॅरिंग पार आत असतं. आठ चकत्यांचं फ्रीव्हील मिळतं, पण तिथे एक्सल बॅरिंगपासून इतका बाहेर लोंबतो की खड्ड्यांनी वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये बॅरिंग उजवीकडे टोकाशी असतं, म्हणून एक्सल टिकतो. चाक नवंच घ्या, किंवा ३२ भोकांचा नवा हब आणि ६२२ ची दुहेरी भिंतीची रिम घेऊन विणून घ्या. आउट काढणाऱ्या (चाक सरळ करणाऱ्या) कारागिराला रिम जपून मध्यावर आणायला सांगा, कारण रिम हबच्या मध्यावर नसून दोन्ही लॉकनटच्या मध्यावर असते.

हब अकरा गिअरचा असेल तर आठची कॅसेट चढवण्याआधी १.८५ मिलीमीटरची रिंग टाकावी लागते. नाही टाकली तर लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळूनही चकत्या खुळखुळतात.

आडव्या खाचेच्या फ्रेममध्ये चाक पुढे ओढलं जाण्याचा धोका असतो. जोर लावला की उजवी बाजू सरकते आणि टायर दांडीला घासतो. म्हणून क्विक रिलीज लोखंडी, आत झाकलेल्या कॅमचा घ्या. उघड्या कॅमचा हलका नमुना या खाचेला पकडत नाही. चाक बसल्यावर सर्वांत लहान चकतीवर चेन घालून बघा: चेन आणि वरच्या दांडीत ३ मिलीमीटर जागा हवी. नसेल तर एक्सलच्या उजव्या बाजूला १ मिलीमीटरचा वॉशर टाका आणि रिम तेवढी मध्यावर घ्या.

ब्रेक

पोच ४७ ते ५७ च्या आत आली तर दुहेरी बिजागरीचा लांब पोचीचा कॅलिपर बसतो. त्याहून जास्त, ७३ पर्यंत, असेल तर टेक्ट्रो कंपनीचा आर५५९ घ्या. आजचे कॅलिपर आत बुडालेल्या नटचे असतात आणि त्या नटला मागून ८ मिलीमीटरचं भोक लागतं. जुन्या चिमट्याला ६ चंच भोक असतं. चिमट्याच्या फक्त मागच्या बाजूचं भोक ८ पर्यंत मोठं करा, पुढचं ६ च राहू द्या. मागचा पूल मात्र बारीक नळीचा असतो, त्याला ड्रिल लावू नका. तिथे पुढचाच कॅलिपर लावा. त्याचा बोल्ट लांब असल्याने साध्या ६ च्या नायलॉन नटने बाहेरून आवळता येतो. म्हणजे खरेदी करताना दोन्ही कॅलिपर पुढचेच मागवायचे.

हँडल आणि केबल

जुन्या खोल वाकाच्या हँडलवर नवे (ब्रेक-गिअर एकत्र असलेले) दांडे बसतात, पण हात पोचत नाही. २२.२ मिलीमीटरच्या क्विलवर (चिमट्याच्या नळीत उतरणाऱ्या दांड्यावर) २८.६ चा अडॅप्टर, त्यावर आजचा स्टेम आणि ३१.८ चं आखूड वाकाचं हँडल, हे खरं सोयीचं. फ्रेंच नळी २२.० ची असते, तिथे अडॅप्टर ठोकून घालू नका. खोलीची खूण आत गेली आहे याची खात्री करा आणि क्विलला भरपूर ग्रीस लावा. खानापूरच्या दोन पावसाळ्यांत कोरडा क्विल नळीशी एकजीव होतो.

तिरक्या नळीवरचे जुने दांडे काढून त्याच जागी केबल स्टॉप लावायचे. वेल्ड केलेला ठोकळा नसेल तर २८.६ चा पट्टा. गिअरला ४ मिलीमीटरची सरळ तारांची बाहेरची नळी, ब्रेकला ५ ची गुंडाळीची. अदलाबदल चालत नाही. गुंडाळीची नळी दाबली जाते म्हणून गिअर चुकतात. सरळ तारांची नळी ब्रेकच्या जोराने फुटते आणि घाटात ब्रेक जातो. नळीचं टोक कापल्यावर कानसीने सपाट करा, आतलं तोंड टाचणीने मोकळं करा.

जुळवणी

चेन कापताना पुढची मोठी आणि मागची मोठी चकती यांवरून, डिरेलरमधून न नेता, ओढून घ्या आणि वर दोन कड्या जास्त ठेवा. मग केबल न जोडता आधी एच स्क्रूने डिरेलरचं वरचं छोटं चाक लहान चकतीच्या सरळ रेषेत आणा, एल स्क्रूने मोठीच्या. एल ढिला राहिला तर डिरेलर तारांत जातो. नंतर केबल हलकी ताणून आवळा आणि बॅरल (केबलचा ताण बदलणारा स्क्रू) अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने फिरवत प्रत्येक गिअर जुळवा. मोठ्या चकतीकडे जायला आळस करत असेल तर बॅरल बाहेर, लहानकडे जायला करत असेल तर आत. चेन ३२ वर असताना वरचं चाक आणि चकती यांत ५-६ मिलीमीटर फट ठेवा. आडव्या खाचेत चाक जिथे बसेल त्यावर ही फट बदलते, म्हणून खाचेतल्या बारीक स्क्रूने चाकाची जागा कायम करून मगच बी स्क्रू (ही फट कमी-जास्त करणारा) लावा.

पुढच्या डिरेलरचा पिंजरा मोठ्या चकतीच्या वर २ मिलीमीटर, आणि तिला समांतर. जास्त वर ठेवलेला पिंजरा चेन पाडतो.

हे सगळे पार्ट चढवण्याआधी, फ्रेम मोकळी आहे तोवर, आणखी एक काम करून टाका. नळ्यांत कच्चं जवसाचं तेल ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, उरलेलं काढा आणि पूर्ण वाळेपर्यंत टांगून ठेवा. आत पातळ पापुद्रा धरतो आणि गंज थांबतो. चटणीसाठी घरात जवस असतोच, तेलही घाण्यावर मिळतं. बीबीच्या नळीला खाली भोक असेल तर ते मोकळं ठेवा. पाणी तिथूनच बाहेर जातं.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळा, केबल बसलेली असते म्हणून बॅरल परत थोडा फिरवा, आणि मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या तारा बोटाने छेडून ताण तपासा. पहिली फेरी सपाट रस्त्यावर, दुसरी वंटमुरी घाटात, चोर्ल्याचा नंबर त्यानंतर. चेनच्या २४ कड्या पट्टीवर नव्यात बरोबर १२ इंच भरतात. पिनेपासून पिनेपर्यंत १२ इंच आणि १/१६ झाले की चेन बदला, नाहीतर कॅसेटही तिच्याबरोबर जाते.